हलिमाबीचं हिम

हलिमाबीला "बघू" हा शब्द माहीत नव्हता. तिला काही विचारलं की दोनच उत्तरं मिळायची. "होतंय", नाहीतर "होत नाय". आमच्या गावातली बाकी सगळी माणसं मधलंच बोलायची. बघू, होईल, देवाच्या मनात असलं तर. तिच्यापुढं कुणी असं बोललं की ती म्हणायची, "देवाला मधी घालू नको. तू करणार का नाय, तेवढं सांग."

ती पिंजारीण होती. निफाडच्या अलीकडे गोदावरीच्या काठाला आमचं गाव, आणि दिवाळी झाली की गावातल्या सगळ्या गाद्या, उशा, गोधड्या तिच्या अंगणात जाऊन पडायच्या. जुना कापूस काढायचा, पिंजायचा, परत भरायचा. उंच, हाडकुळी बाई. दंड पुरुषासारखे. भुवयांवर नेहमी कापसाची लव बसलेली. पुसायची नाही. "परत बसणारच हाय," म्हणायची.

खरं तर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, तिच्या नवऱ्याची. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं की आता ही शिवणटिपण करून पोट भरील. तिनं दुखवट्याचे चाळीस दिवस धरले आणि एकेचाळिसाव्या दिवशी पिंजण खांद्याला लावून गावात फिरली. आमची सोनाआत्या, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, आमच्या घरचा सगळा कारभार तिच्याकडे. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाईमाणसानं पिंजण धरलेली आजवर कुठं बघितली नाय."

हलिमाबी म्हणाली, "मग आता बघ. आणि गाद्या काढ."

आत्यानं गाद्या काढल्या. तेव्हापासून दोघींचं जमलं. जमलं म्हणजे भांडायला एकमेकींशिवाय कुणी पुरायचं नाही.

हलिमाबी कापसावरून माणसं सांगायची. गादी उसवली, मूठभर कापूस हातात घेतला, की ह्या घरात कोण खोकतं, कोण अंथरुणात बिडी ओढतं, कोणत्या पोराला रात्री उठवायला हवं, सगळं सांगून मोकळी. एकदा पाटलांच्या ओसरीवर तिनं एक उशी उसवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही कुणाची? हा कापूस रडून रडून दगड झालाय."

उशी धाकट्या सुनेची होती. ओसरीवर पाटील होते, दोन पाहुणे होते. पाटलीणबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "तुला कापूस पिंजायला बोलावलंय, घर पिंजायला नाय."

"मी कापसाचंच सांगितलं. बाईचं तुम्ही बघा."

पुढची दोन वर्षं पाटलांच्या गाद्या लासलगावच्या पिंजाऱ्याकडे गेल्या. तो निम्मा कापूस ठेवून घ्यायचा, म्हणून तिसऱ्या वर्षी गुपचूप परत हलिमाबीकडे आल्या. सुनेचं काय झालं म्हणाल तर त्याच आठवड्यात तिला महिनाभर माहेरी धाडली. त्यानं तिचं भलं झालं की कसं, ते मला माहीत नाही. मी तेव्हा लहान होते आणि मोठ्यांनी मला विचारलं नव्हतं.

आमच्याकडे कामाला आली की ती अंगणातच बसायची. पाणी ओंजळीनं प्यायची, आत्या वरून ओतायची. त्या काळी तसंच होतं. मी आता ते गोड करून सांगणार नाही. हलिमाबी ओंजळ पुढं करून म्हणायची, "वरून वत, पण भरपूर वत."

आता यमूचं सांगते. यमू माझी धाकटी बहीण, तेव्हा सहा वर्षांची. हट्टी. मी तेरा वर्षांची, चौथी होऊन शाळा सुटलेली. साल म्हणाल तर तीस सालानंतरची चार-पाच वर्षं धरा. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, नाशिकच्या बाजारातून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. बियाणं ठेवायला. त्याच्या झाकणावर विलायतेतलं चित्र होतं. घरांची छपरं पांढरी, झाडं पांढरी, रस्ता पांढरा, आणि पोरं ते पांढरं मुठीत घेऊन एकमेकांना मारतायत.

"आबा, हे काय हाय?"

"बर्फ. तिकडं थंडीत आभाळातून पडतो."

"थंडी तर आपल्याकडं बी हाय."

"आपल्याकडं नाय पडत."

"मग घरी करा."

सगळे हसले. घरी पापड करतात, कुरडया करतात, तसा हिला बर्फ करून हवा होता. हलिमाबी अंगणात गादी उसवत बसली होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "होतंय."

आत्या म्हणाली, "काय होतंय?"

"बरफ. घरी होतो."

"हलिमा, गाद्या झाल्या, उशा झाल्या. आता आभाळ बी पिंजणार का?"

मग तिनं सांगितलं. ती मूळची अलाहाबादकडची. नवरा तरुणपणी पलटणीबरोबर गाद्या भरायला तिकडे गेला होता, येताना हिला घेऊन आला. तिचा बाप तिकडे बरफखान्यात कामाला होता. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे करायचे, त्यात वाळका पेंढा पसरायचा, त्यावर मातीची परळं मांडायची, परळ म्हणजे उथळ बशी, आणि परळात बोटभर पाणी घालायचं. थंडीच्या दिवसांत, वारा नसला आणि आभाळ निरभ्र असलं, की पहाटे त्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ धरायचा. ही आणि तिथल्या पोरीसोरी सुऱ्या घेऊन तो खरवडायच्या. मग कुटून मोठ्या खड्ड्यात दाबून ठेवायचा, उन्हाळ्यात साहेबलोकांच्या सरबताला. "कुटला की असा होतो," ती डब्यावर बोट ठेवून म्हणाली. "भुसभुशीत. पांढरा."

कुणाचा विश्वास बसला नाही. तिच्या मुलखाच्या गोष्टी गावानं चाळीस वर्षं ऐकल्या होत्या. तिथली गंगा एवढी रुंद की पलीकडचा माणूस दिसत नाही, तिथले पेरू लाल. लोक ऐकायचे आणि मागं म्हणायचे, लांबच्या गप्पा, कोण जाऊन बघतंय. पण ही गोष्ट इथंच करून दाखवायची होती. दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं की हलिमाबी बर्फ करणार आहे. चावडीवर हसायला विषय झाला. आणि मला तेव्हा कळलं नाही ते आता कळतं. बर्फ झाला नसता तर तिचा बाप, तो बरफखाना, गंगा, पेरू, सगळंच खोटं ठरलं असतं. ना तिला भाऊ होता, ना माहेरचं कुणी कधी आलं. माहेर म्हणून तिच्याजवळ एवढं सांगण्यापुरतंच होतं.

तिनं जागा आमच्या मळ्यातली निवडली. तीन बाजूंनी शेराच्या झुडपांचं उंच कुंपण, वारा लागत नव्हता, आणि आमच्याकडे उसाचं पाचट भरपूर. ऊस तोडल्यावर जी वाळकी पानं उरतात ती. कुंभाराकडून तिनं बारा परळं आणली, बदल्यात त्याला एक उशी भरून दिली. पाणी उकळून गार करून घेतलं. पहिल्या रात्री वारा सुटला, काही झालं नाही. दुसऱ्या रात्री आभाळ आलं, काही झालं नाही. यमू रोज पहाटे उठून जायची आणि परळात बोट घालून परत यायची.

"पाणीच हाय," ती सांगायची.

"आज पाणी हाय," हलिमाबी म्हणायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कडाका होता. परळं मांडून ती घरी गेली. आमची आत्या निजायच्या आधी सगळीकडे एक चक्कर मारायची, दारं बघायची, गुरं बघायची. रात्री पाणी उघडं ठेवू नये हे तिच्या हाडात भरलेलं. पाल पडते, सापानं तोंड घातलं तर कळत नाही. तिनं मळ्यात बारा परळं उघडी बघितली आणि घरातली ताटं, पाट, सूप, रोवळी, मिळेल ते आणून झाकली. दोन परळांना काही उरलं नाही, ती तशीच राहिली.

पहाटे हलिमाबी आली. सूप उचललं, पाणी. ताट उचललं, पाणी. तिचा चेहरा मी बघितला, आणि मला वाटलं आज आत्याची खैर नाही. मग ती उघड्या दोन परळांपाशी गेली आणि खाली बसली. दोन्हीत पाण्यावर कांद्याच्या सालीएवढा पातळ बर्फ होता. तिनं नखानं उचलला. तुकडा हातात आला.

आत्या मागं उभी होती, तिच्या मागं आबा. "मी झाकली," ती म्हणाली. "उघडं पाणी होतं म्हणून."

हलिमाबी रागावली नाही. तिनं झाकलेली परळं बघितली, उघडी परळं बघितली. मग म्हणाली, "झाकलं तिथं पाणी. उघडं तिथं बरफ. माझ्या बापानं मला हे कधी सांगितलं नाय, सोनाबाई. तू सांगितलंस."

आम्ही यमूला उठवून आणलं. तिनं तो तुकडा हातात धरला, तो विरघळला. तिनं हात झाडला.

"हे काच हाय. मला ढीग पायजे. मारता येईल असा."

"ढीग पायजे? ढीग देते," हलिमाबी म्हणाली. "कडाक्याची एक रात येऊ दे. शंभर परळं मांडते."

गावात मात्र गोष्ट गेली ती अशी, की बर्फ झाला पण विरघळला. लोक आणखीच हसले. चावडीवर कुणी कुणाला काही मागितलं की उत्तर यायचं, "होतं रे, आत्ताच विरघळलं."

संक्रांत झाल्यावर आठ दिवसांनी थंडी परत फिरली. तीन दिवस उत्तरेचं वारं होतं, माणसं चुलीपासून उठत नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी वारं एकदम पडलं. आभाळ असं स्वच्छ की बघवत नव्हतं. हलिमाबी ऊन कलायच्या आत गाढवावर शंभर परळं लादून आली. मी आणि यमूनं पाचट वाहून आणलं, तिनं गुडघाभर अंथरलं. यमू नाचत होती. परळं मांडून झाली आणि हलिमाबीनं वाकून जमिनीला हात लावून बघितला. मग तिनं आबांना हाक मारली.

"आबा, वेली झाका."

त्या वेळी आमच्या बाजूला द्राक्षं नवी होती. आबांनी कुणाचं न ऐकता साठ वेली लावल्या होत्या, पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या. दोन वर्षं त्यांनी पोरासारखी निगा राखली होती. त्या साली पहिल्यांदा घड धरले होते, मुगाएवढे मणी.

आबा म्हणाले, "थंडी तर रोजच हाय."

"अशी नव्हती. आज लय पडणार. झाकलं तिथं पाणी राहिलं, तुमच्या डोळ्यांनी बघितलंय. वेलीत बी पाणीच हाय. उघडी राहिली तर फुटंल."

"वेल कुठं कुणी झाकली का? तिला काय गोधडी पांघरू?"

"पांघरा," हलिमाबी म्हणाली.

आबा हसले नाहीत. त्यांनी वेलींकडे बघितलं, मग मळ्याभर बघितलं. "झाकू कशानं? पाचट तेवढंच हाय," ते म्हणाले. पाचट सगळं परळांखाली होतं.

"तेच घ्या," ती म्हणाली आणि वाकून परळं उचलायला लागली.

यमूला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती पाचटावर जाऊन बसली, पाय पसरून. "नाय द्यायची. तू म्हणालीस ढीग देते."

"म्हणाले."

"मग?"

"मग आज नाय देत. शब्द मी दिला, मीच मोडते. ऊठ."

"खोटारडी!"

हलिमाबीनं तिला उचलायला हात घातला तर यमू तिच्या मनगटाला चावली. रक्त आलं. हलिमाबीनं मनगट लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "चावून झालं? आता ऊठ." यमू उठली. घरात जाऊन कणग्यांमागं बसली ती जेवायला पण आली नाही.

आबा, मी, आत्या, हलिमाबी, आम्ही चौघं पाचटाचे पेंडके करून वेलींना वरून खालून गुंडाळत सुटलो. पस्तीस वेली झाल्या आणि पाचट संपलं. पंचवीस उघड्या. ऊन डोंगराआड गेलं होतं. हलिमाबी म्हणाली, "गाडी जुंपा."

आबांना वाटलं ती कुणाकडून कडबा आणणार. ती गेली स्वतःच्या घरी. तिच्याकडे गावाच्या गोधड्या आणि गाद्या पडल्या होत्या, काही भरून झालेल्या, काही व्हायच्या. तिनं सगळ्या गाडीत भरल्या. दिवेलागण होता होता पाटलांची गादी, गुरवाच्या दोन गोधड्या, कुणाकुणाच्या लेकीच्या रुखवताची रजई आमच्या वेलींवर चढली.

आत्या म्हणाली, "हलिमा, लोक जीव घेतील."

"सकाळी घेतील," हलिमाबी म्हणाली. "रात तर जाऊ दे."

सकाळी मला आत्याच्या ओरडण्यानं जाग आली. ती नुसतंच "अगं बाई, अगं बाई" म्हणत होती. मी बाहेर आले. गवत पांढरं. शेराचं कुंपण पांढरं. गोठ्याचं छप्पर, बांधावरची एरंडं, गाडीचं जू, सगळं मीठ शिंपडल्यासारखं पांढरं. नदीवरून वाफ येत होती. पंचाहत्तर वर्षं होऊन गेली, तसं परत मी पाहिलं नाही. आबा अनवाणी वेलींत उभे होते आणि त्यांची गोधडी उचलायची हिंमत होत नव्हती.

हलिमाबी आधीच आलेली होती. गाद्या पिंजण्याआधी झोडपायची तिची काठी हातात. गोधड्या फळीसारख्या कडक झाल्या होत्या, वर बोटभर पांढरं बसलेलं. तिनं यमूला खेचत आणलं, पाटलांच्या गादीखाली उभी केली आणि काठीचा एक तडाखा दिला.

यमूच्या डोक्यावर, खांद्यावर, तोंडावर बर्फ पडला. भुसभुशीत, पांढरा. पोरगी आधी किंचाळली. मग तिनं दोन्ही मुठी भरल्या आणि पहिली मूठ आत्याला मारली.

"थंड गं मेली!" आत्या ओरडली. दुसरी मूठ मला बसली. हलिमाबी एकेक गोधडी झोडपत पुढं चालली होती आणि यमू तिच्या मागं नुसती नाचत होती. आत्यानं पदरावर पडलेलं थोडं चिमटीत धरलं, जिभेवर ठेवलं. मग हलिमाबीजवळ गेली.

"हलिमा, तुझ्या बापाचं खरं होतं."

"होतंच," हलिमाबी म्हणाली आणि पुढच्या गोधडीला काठी हाणली.

आबांनी शेवटी पाचट काढलं, गोधड्या उतरवल्या. वेली हिरव्या होत्या. सगळ्या नाही, कडेच्या सात गेल्या. पण त्रेपन्न राहिल्या, घडांसकट. दुपारपर्यंत गावात दुसऱ्या कुणाची वांगी राहिली नव्हती, टमाटी राहिली नव्हती, हरभऱ्याचा फुलोरा काळा पडला होता.

गोधड्यांचे मालक त्याच्या आधीच आले. सगळ्यात पुढं पाटलीणबाई.

"आमच्या गाद्या ह्याच्या वेलींवर? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाय विचारलं," हलिमाबी म्हणाली. "विचारायला निघाले असते तर वेली गेल्या असत्या."

"आमच्या काय कामाच्या त्या वेली!"

"तुमच्या नाय. पण गादी वाळती. वेल वाळली की सरपण."

"भिजून चिंब झाल्यात. कापसाचे गोळे झाले."

"व्हणारच. सगळ्या परत पिंजते. आठ दिवसांत ज्याची त्याला. फुकट."

"आणि आठ दिवस ह्या थंडीत आम्ही काय पांघरायचं?"

मग आमची आत्या घरात गेली आणि आमच्या घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं आणून तिनं पाटलीणबाईंच्या पुढ्यात टाकली. आम्ही ते आठ दिवस चुलीपाशी, पोत्यांत निजलो. हलिमाबीनं सांगितलेल्या दिवशी काम पुरं केलं. शेवटची रजई दिली तेव्हा तिचे दोन्ही पंजे सुजून काळेनिळे झाले होते. त्यानंतर तीन घरांनी तिला काम दिलं नाही. बाकीच्यांनी दिलं.

त्याच वैशाखात माझं लग्न होऊन मी येवल्याकडे गेले. लग्नाला ती नव्हती, कामासाठी विंचूरला गेली होती. पुढच्या पावसाळ्यात तापानं गेली, ते मला दोन महिन्यांनी कळलं. त्यामुळं मला ती दिसते ती त्याच सकाळची, भांडण संपल्यावरची.

मालक निघून गेले होते. ऊन वर आलं, पांढरं सगळं गेलं, गोधड्यांतून पाणी गळायला लागलं. आमचा एक बैल रात्रीच्या थंडीनं आखडून बसला होता, गाडी जुंपता येईना. हलिमाबीनं चार गोधड्या गुंडाळून डोक्यावर घेतल्या. आबांनी तिच्याकडे बघितलं, स्वतःचं मुंडासं सारखं केलं आणि पाटलांची गादी उचलून डोक्यावर ठेवली. आमच्या घरातल्या पुरुषानं कुणाच्या मागं ओझं वाहिलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. ती दोघं तिच्या घराकडे, गावच्या रस्त्याला लागली. ती पुढं, आबा मागं, आणि चावडी त्याच रस्त्यावर होती. चावडीवर माणसं बसलेली लांबून दिसत होती. कुणी हसलं नाही.

हलिमाबी मागं न बघता म्हणाली, "आबा, पाय उचला. गादी चिखलात लोळतीय."

आबांनी गादी वर ओढून घेतली.